इतिहासात एमए की एलएलबी? एका पालकाच्या पत्राला उत्तर

प्रश्न : माझी मुलगी लातूरमध्ये बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीवर तिने प्रकल्प केला आणि आता त्याच विषयात एमए करून संशोधन करायचे म्हणते. माझ्या मते तिथे समता आली ती न्यायालयामुळे, तेव्हा तिने एलएलबी करावे. तिचे म्हणणे, लोक रस्त्यावर उतरले नसते तर निकाल कागदावरच राहिले असते. कोणाचे बरोबर? आणि या अभ्यासाला पुढे वाव आहे का? – एक पालक

उत्तर : महोदय, आपल्या घरात चाललेला वाद त्या चळवळीच्या धुरिणांनीही घातला होता, आणि तोही बराच कडवटपणे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी न्यायालयात लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वकील थरगुड मार्शल यांना चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या रस्त्यावरील आंदोलनांविषयी फारसा भरवसा नव्हता. अटका झाल्या की खटले लढवण्याचे ओझे आपल्याच वकिलांवर येते, ही त्यांची तक्रार होती. त्यामुळे आपण मार्शल यांच्या बाजूने आणि कन्या किंग यांच्या बाजूने बोलत आहे, असे म्हणायला हरकत नाही. मात्र १९५५-५६ मधील, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराच्या बस बहिष्काराचा तपशील पाहिला, तर दोघांनाही आपापली बाजू थोडी सोडावी लागेल.

बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशाला देण्यास नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली, त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिकेने आपल्या महाविद्यालयातील सायक्लोस्टाइल यंत्रावर बहिष्काराची हजारो पत्रके काढली आणि सकाळी ती विद्यार्थ्यांच्या मदतीने गावभर पोहोचवली. पुढे ३८१ दिवस लोक पायी चालले किंवा एकमेकांच्या मोटारींतून कामावर गेले. तेवढ्या काळात जेमतेम पंचविशीतले वकील फ्रेड ग्रे यांनी बसमधील वर्णानुसार विभाजनाविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात स्वतंत्र दावा लावला होता, आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केल्यानंतरच बसगाड्या खऱ्या अर्थाने सर्वांना खुल्या झाल्या. बहिष्कार नसता तर त्या दाव्यामागे अख्खे गाव उभे राहिले नसते, आणि दावा नसता तर बहिष्कार किती काळ ओढावा लागला असता, हे सांगणे कठीण आहे.

नेत्यांच्या जोड्या लावून त्यांना समोरासमोर उभे करण्याची सवय पाठ्यपुस्तकांनी आपल्याला लावली आहे. कृष्णवर्णीयांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८९५ च्या अटलांटातील भाषणात राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त बाजूला ठेवून कारागिरी, शेती आणि उद्योग यांतून प्रतिष्ठा मिळवावी असे सुचवले, कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये त्यावर जाहीर टीका केली आणि मताधिकार व उच्च शिक्षण यांवर तडजोड नको, असे बजावले. इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पण हेच वॉशिंग्टन त्याच सुमारास अलाबामातील मताधिकाराच्या खटल्यांना गुपचूप पैसा पुरवत होते, हे कागदपत्रांत शिरलेल्या अभ्यासकांमुळेच उजेडात आले. किंग आणि त्यांच्या अहिंसक मार्गावर टीका करणारे नेते माल्कम एक्स यांच्या मतभेदावर ढीगभर लिहिले गेले आहे. त्यांची प्रत्यक्ष भेट मात्र एकदाच, मार्च १९६४ मध्ये, काही क्षणांपुरती झाली, म्हणून मी त्या जोडीवर अधिक शाई खर्च करत नाही.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला अधिक मोलाची वाटते ती १९५३ मधील एक घडामोड. शाळांमधील वर्णभेदाचा ब्राउन खटला सुरू असताना सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना विचारले, की कायद्याचे समान संरक्षण देणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती करणाऱ्यांना शाळांविषयी नेमके काय अभिप्रेत होते. हे वकिलांच्या आवाक्यातले काम नव्हते. मार्शल यांनी इतिहासकारांना बोलावले. त्यांत जॉन होप फ्रँकलिन होते, जे हॉवर्ड विद्यापीठातील अध्यापन सांभाळून मार्शल यांच्या न्यूयॉर्कमधील कार्यालयात जुन्या कागदांची छाननी करत. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १७ मे १९५४ च्या एकमुखी निकालात न्यायालयाने हा इतिहास निर्णायक नसल्याचे नमूद केले, हेही आपल्याला सांगितले पाहिजे. तरीही ज्या पुराव्याच्या जोरावर विरुद्ध पक्ष खटला जिंकू शकला असता, त्याची धार या अभ्यासकांनी बोथट केली, असे माझे मत आहे.

तेव्हा कोणाचा मार्ग बरोबर, यावरून अभ्यासक्रम ठरवू नये. कन्येला रोजचे कोणते काम तासन्‌तास करवते, ते पाहावे. त्यासाठी दोन गोष्टी तिच्याकडून करून घ्या. ब्राउन खटल्याचा निकाल लहानसा आणि सुबोध आहे. तो मुळातून वाचून त्यातील युक्तिवादाचा सांगाडा तिने दोन पानांत मांडावा. दुसरे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या; त्याच वर्षी जुलैमध्ये ड्यू बॉइस यांनी उत्तर दिले. ड्यू बॉइस यांची कागदपत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत. ही दोन पत्रे आणि त्यांच्या आगेमागचा संदर्भ यांवर तिने टिपण तयार करावे. मराठी विद्यार्थिनीला अमेरिकेच्या इतिहासात शिरायला याहून सरळ दार मला दिसत नाही, आणि एमएच्या लघुप्रबंधाचा विषयही यातूनच निघू शकेल. पहिले काम करताना ती रमली तर कायदा, दुसरे करताना वेळेचे भान सुटले तर इतिहास.

व्यवहाराची बाजू कटू आहे. एमए, नेट किंवा सेट आणि पीएचडी करूनही कायम प्राध्यापकपद मिळेपर्यंत अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. वकिलीतही सीनियरच्या चेंबरमधील पहिली काही वर्षे हाती फारसे काही येत नाही, त्यामुळे पैशाच्या निकषावर आपली बाजू आपण समजता तितकी भक्कम नाही. तिला संशोधनच करायचे असल्यास इंग्रजी वाचनाचा वेग आणि लेखनाची शिस्त यांवर आतापासून मेहनत हवी, कारण या विषयाची बहुतेक साधने त्याच भाषेत आहेत.

पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी एमए झाल्यावरही करता येतो. या वर्षी तिने एमएच्या प्रवेशाबरोबर विधी सीईटीचाही अर्ज भरावा, आणि वरील दोन टिपणे लिहून झाल्यावर निर्णय तिलाच घेऊ द्यावा.