उत्तर कोरियात भीती असतेच, पण घरही चालवायचं असतं

प्रश्न असा होता की तिकडची माणसं चोवीस तास घाबरून जगतात की त्यांना ते सगळं मनापासून पटलेलंच असतं. मी तिथे गेलेलो नाही, पण बरीच वर्षं तिकडून निसटून आलेल्यांच्या मुलाखती वाचतोय-ऐकतोय, आणि मला तरी दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात.

इनमिनबानचंच घ्या. शेजाऱ्यांवर नजर ठेवायला सरकारने केलेला साधारण 20 ते 40 घरांचा गट, प्रमुख बहुतेक वेळा एखादी मध्यमवयीन बाई. कोणाकडे पाहुणा मुक्कामाला आला, कोणाच्या घरात अचानक पैसा खुळखुळायला लागला, तिला सगळं माहीत असावं लागतं आणि रात्री-अपरात्री तपासणी आली की दारात तीही उभी असते. पण राहते तीही त्याच जिन्यात, शेजाऱ्यांशी रोजचं निभवायचं तिलाही आहेच, त्यामुळे काही गोष्टी वर जातात आणि काही तिच्यापाशीच जिरतात. कुठली जिरेल आणि कुठली वर जाईल हे आधी कळत नाही, माझ्या मते खरी धाकधूक ती.

आठवड्याची आत्मटीकेची बैठक तर अजब प्रकार. सगळ्यांसमोर आपली चूक कबूल करायची आणि वर दुसऱ्या कोणाचीतरी एक चूक काढायची. मग मैत्रिणी आधीच ठरवून येतात, या वेळी तू माझं उशिरा येणं काढ, पुढच्या वेळी मी तुझं काहीतरी काढते!

पोटापाण्याचं म्हणाल तर 1990 च्या दशकात रेशन कोलमडलं, दुष्काळात लाखो माणसं गेली, आणि जगली ती बरीचशी बाजारावर, म्हणजे जांगमादांगवर. धंदा बायका करतात कारण पुरुषाला सरकारी नोकरीवर हजेरी लावावीच लागते, मग पगारात काही येवो न येवो. काहीजण उलट कारखान्यालाच पैसे भरतात आणि हजेरीतून सुटतात, त्याला 8.3 चा, म्हणजे 3 ऑगस्टचा पैसा म्हणतात. घरी बसलेल्या नवऱ्याला बायका ‘दिवसाचा बल्ब’ म्हणतात, लागलेला असून उपयोग शून्य 😄

पण हे सगळं सरकार एका फटक्यात काढूनही घेऊ शकतं. नोव्हेंबर 2009 मध्ये जुने 100 वॉन म्हणजे नवा 1 असं जाहीर केलं आणि बदलून मिळणाऱ्या रकमेला मर्यादा घातली, गादीखाली वर्षानुवर्षं साठवलेलं रातोरात कागद झालं. तेव्हापासून ज्याला जमतं तो युआन किंवा डॉलरच ठेवतो.

अलीकडे मात्र पकड घट्ट होत चाललीय. डिसेंबर 2020 च्या कायद्यात दक्षिण कोरियाच्या मालिका नुसत्या बघितल्या तरी 5 ते 15 वर्षं सक्तमजुरी, वाटल्या तर मृत्युदंडापर्यंत. 2023 मध्ये तर बोलण्यावरच कायदा आला, दक्षिणेतल्यासारखं प्रियकराला ‘ओप्पा’ म्हणणं, म्हणजे खरं तर दादा, तेही गुन्हा. तिकडून बाहेर आणलेला एक फोन बीबीसीने तपासला होता, तो दर पाच मिनिटांनी गुपचूप स्क्रीनशॉट काढून ठेवायचा आणि तो फोटो फोनवाल्याला उघडताही यायचा नाही, आणि त्यावर ‘ओप्पा’ टाइप केलं की आपोआप त्याचं ‘कॉम्रेड’ व्हायचं.