"हे मला बोलूच देत नाहीत" आणि "ही बोलतच नाही"

सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे समुपदेशनाला जी जोडपी येतात त्यातली बरीचशी ही दोन वाक्यं घेऊन येतात. तक्रार पैशाची नसते, सासूची नसते, व्यसनाची तर नसतेच. पत्रिका जुळलेली, घराणं माहितीतलं, दोन्ही माणसं चांगली, आणि तरी रोज फोन ठेवताना दोघांतलं एक रडकुंडीला आलेलं असतं. "मॅडम, आमचं जुळतच नाही का हो?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता सविस्तर लिहावंच म्हटलं. एका जोडप्याचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं इथं थोडक्यात आणलंय.

ती सांगली शहरातली, एकुलती एक, बँकेत नोकरीला. तो तासगावकडचा, द्राक्षबागायतदाराच्या चौदा माणसांच्या घरातला, चाकणला कंपनीत, शनिवारी रात्री घरी येणारा. म्हणजे आठवडाभर संसार मोबाईलवरच.

"मी एक वाक्य सुरू केलं की हे मधेच चार प्रश्न विचारतात, मग मी सोडूनच देते," ती म्हणाली. तो लगेच, "बघा की मॅडम, मी आपला बोलतोय बोलतोय आन् ही गप. माणसानं समजायचं काय?" ती परत गप्प. मी त्या क्षणी कुणाचं बरोबर ते बघत नव्हते, मी बघत होते की तिनं उत्तराला तोंड उघडायच्या आत त्याचं पुढचं वाक्य येतंय, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यागणिक ती खुर्चीत मागं सरकतेय.

माझं मत स्पष्ट आहे. अशा केसमध्ये लोक आधी स्वभाव शोधतात, हा हेकट, ती शिष्ट. मी आधी बोलण्याची पद्धत बघते. अमेरिकेतल्या भाषाअभ्यासक डेबोरा टॅनन यांनी १९७८ साली कॅलिफोर्नियात थँक्सगिव्हिंग या तिकडच्या सणाच्या जेवणाच्या गप्पा रेकॉर्ड करून त्यांचा बारकाईनं अभ्यास केला. जेवायला सहा जण. न्यूयॉर्कमध्ये वाढलेले एकमेकांच्या बोलण्यात बोलत होते आणि त्यांच्या दृष्टीनं गप्पा झकास रंगल्या, कॅलिफोर्नियाच्या मंडळींना मात्र वाटलं की आपल्याला बोलायला जागाच मिळाली नाही. गप्पा त्याच, टेबल तेच. काहींसाठी मधे बोलणं म्हणजे 'मी तुझ्यात पूर्ण गुंतलोय', काहींसाठी थांबून ऐकणं म्हणजे 'मला तुझा मान आहे'. हे वाचल्यापासून माझं काम बदललं असं मी म्हणेन.

आणि हा फरक फार बारीक असतो. २००९ साली दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास आला, त्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी सेकंदाचा पाचवा भाग इतकंच होतं, जपानी बोलणारे सगळ्यात झटपट, डॅनिश बोलणारे जरा निवांत. एवढ्याशा फटीत 'माझी पाळी आली का' हे आपण ठरवतो आणि ते शिकतो आपल्या घरात, जेवायला बसल्यावर. जात, भाषा, जिल्हा एक असून भागत नाही.

म्हणून मी दोघांना विचारलं, लहानपणी तुमच्या घरी जेवताना कोण बोलायचं?

तो खुलला. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत सगळे एकदमच बोलायचे, चुलते, आजी, पोरं, आणि एखादा गप्प बसला की आई ताट ठेवून विचारायची, "काय झालं, कोण काय बोललं का तुला?" गप्प म्हणजे रुसला. तिच्या घरी तीन माणसं, वडील बोलत असले की ते थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही, मधे बोललं तर आई नुसती बघायची. मधे बोललं म्हणजे उद्धट.

इथपर्यंत दोघं माना डोलावत होते, पण मान डोलावणं म्हणजे पटणं नाही हे मला अनुभवानं माहीत आहे. मग मी त्याला सांगितलं, हिनं गेल्या महिन्यात बँकेतलं काय काय सांगितलं ते मला सांगा. ती जरा तुच्छतेनंच हसली. आणि तो सुरू झाला. सोनेतारणाच्या काउंटरला एक म्हातारी आलेली, नातीच्या लग्नासाठी बोरमाळ सोडवायची होती, पाचशे रुपये कमी पडत होते, बोरमाळ तिच्या सासूची, म्हातारी कवठ्याची, नात बीएड झालेली, आणि त्या दिवशी ही जेवली नव्हती.

ती त्याच्याकडं बघतच राहिली. "मी तर हे पूर्ण सांगितलंच नव्हतं. तुम्ही मधे मधे विचारत होता म्हणून अर्ध्यात सोडलं."

"अगं विचारलं काय पण? म्हातारी कुठल्या गावची, बोरमाळ कुणाची, नात काय शिकली. ऐकत नसतो तर विचारलं असतं का?"

बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि त्यानंही पहिल्यांदाच ती शांतता भरून काढली नाही. मग तिनं सांगितलं, "तुम्ही काही विचारलं की मी उत्तर नीट जुळवत असते, म्हणून वेळ लागतो." तो खाली बघून म्हणाला, "मला वाटायचं, आमची माणसं तुला खेडवळ वाटतात म्हणून बोलत न्हाईस." चार वर्षं हा माणूस हे मनात घेऊन फिरत होता. त्या दिवशी मला जे दिसलं ते आजही प्रत्येक जोडप्यात शोधते: ती गप्प झाली की हा घाबरून जास्त बोलायचा, हा जास्त बोलला की ती अजून गप्प व्हायची. दोघंही नातं सांभाळायलाच धडपडत होते आणि प्रत्येकाच्या धडपडीनं दुसरा आणखी दूर जात होता. ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञानं असं चक्र १९३०च्या दशकात मांडलंय, टॅनन यांनी ते रोजच्या बोलण्यात दाखवलं.

मेसेजवर तर हे चक्र जास्त जोरात फिरतं, कारण तिथं आवाजच नसतो. तो 'अगं', 'ऐक', 'फोन घे' असे तुकडे तुकडे पाठवायचा, काउंटरवर बसलेल्या हिला वाटायचं घरी कुणाला काय झालं. ती लिहायची 'ठीक आहे.' पूर्णविरामासकट, शाळेत शिकवलं तसं, आणि चाकणला हा रात्रभर जागा. यात त्याचं डोकं फिरलेलं नव्हतं. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन युनिव्हर्सिटीच्या २०१५च्या अभ्यासात एका शब्दाच्या मेसेजला पूर्णविराम दिला तर तो वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचा वाटला, हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर तसा फरक दिसला नाही. कॉलचंही तसंच, जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की आवाज १.२ सेकंद उशिरा पोचला तरी समोरचा माणूस कमी लक्ष देणारा वाटतो. दोष नेटवर्कचा, नाव माणसाचं.

मग करायचं काय? आपली पद्धत एकमेकांना आधीच सांगून टाका, भांडण नसताना. "मी गप्प असले तर विचार करतेय, रागावले नाही" एवढं वाक्य या दोघांना फार उपयोगी पडलं. जास्त बोलणाऱ्यानं प्रश्न विचारल्यावर एक श्वास सोडून थांबायचं, आणि कमी बोलणाऱ्यानं थोडं मधे घुसायला शिकायचं, हे तिला जड गेलं पण जमलं. कामाचं मेसेजवर, मनाचं फोनवर. मेसेज बोचला तर लगेच उत्तर टाकू नका, आधी तो समोरच्याच्या प्रेमळ आवाजात मोठ्यानं वाचून बघा, त्यानं फोनवर तिचं 'ठीक आहे' असं वाचल्यावर तो स्वतःच म्हणाला की यात काहीच नव्हतं. ब्लू टिकवरून तर कुणाच्या मनाचा अंदाज बांधूच नका, ती फक्त मेसेज उघडला एवढंच सांगते.

एक मात्र ठामपणे सांगते. समोरचा बोलायला लागला की भीती वाटत असेल, अपमान, धमकी, हात उगारणं, फोन तपासणं असं काही असेल, तर ती बोलण्याची पद्धत नाही, छळ आहे. तिथं वरचं काही लागू करू नका, आधी मदत मागा.

आणि बायका हमखास विचारतात, "हे यायला तयारच नाहीत, मी एकटी येऊन काय होणार?" या. चक्रातल्या एकानं आपलं वागणं बदललं तरी दुसऱ्याला तसंच वागत राहणं अवघड जातं, आणि दोन-चार भेटींनंतर नवरा स्वतःहून "मी पण येऊ का" असं विचारत आलेला मी पुष्कळ घरांत बघितलाय.