मुलीच्या नोकरीसाठी जमीन काढू नका

प्रश्न : मुलगी बीएस्सी, बीएड. वय 29. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास आहे. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दोनदा दिली, 2023 ला 109 आणि 2025 ला 121 मार्क पडले, पण यादीत नाव आलं नाही. सहा वर्षं तालुक्याच्या गावी विनाअनुदानित शाळेत सातवी-आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते, महिना 8,500 रुपयांवर. एका संस्थेत अनुदानित जागा निघते आहे, तिथले लोक 18 लाख म्हणतात. दोन एकर काढायची माझी तयारी आहे. पण मुलगी आता म्हणते, शिक्षकी सोडते आणि एसईओ करते. पाच महिने रोज रात्री तेच चालू आहे. एका इन्स्टिट्यूटने 65 हजार फी सांगितली आहे. पैसे घेऊन गुगलवर कंपनीचं नाव वर चढवायचं, हे काय काम झालं? शिक्षिका म्हणून स्थळं येतात, आता लोकांना काय सांगायचं? तिला चार शब्द समजावून सांगा.
– एक पालक, बार्शी तालुका

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सवयीप्रमाणे मार्क आणि पात्रता बघितली. दुसऱ्यांदा 18 लाखांच्या ओळीवर थांबले ती थांबलेच. म्हणून आधी जमिनीचं बोलते, एसईओचं नंतर.

राज्यातली शिक्षक भरती 2017 पासून ‘पवित्र’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलच्या वाटेने करायची ठरली आहे. खासगी अनुदानित संस्था मुलाखत घेऊ शकते, पण उमेदवारांची नावं तिला पोर्टलवरून येतात. त्या वाटेने न भरलेल्या जागेला शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता अडते. मान्यता नाही तर शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगाराच्या प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक, नाही, आणि आयडी नाही तर सरकारी पगार नाही. 2025 मध्ये नागपूरला बनावट शालार्थ आयडींचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा अधिकाऱ्यांबरोबर शिक्षकही चौकशीत सापडले. उद्या तुमची मुलगी त्या जागी असेल. पैसे दिल्याची पावती तुमच्याकडे नसेल आणि तक्रार करायला तोंडही नसेल, कारण देणंही बेकायदाच आहे.

समजा सगळं सुरळीत झालं. तरी पहिली तीन वर्षं ती शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी मानधनावर, असेल, आणि सहावी ते आठवीच्या शिक्षण सेवकाला 16,000 मानधन आहे. तीन वर्षांचे होतात 5 लाख 76 हजार. तुम्ही 18 लाख देणार, तेही जमीन काढून. हा हिशोब तिच्यासमोर मांडून बघा. ती गणित शिकवते, तिला तो कधीच कळलेला असणार.

आता तुमच्या पत्राबद्दल. मनापासून सांगते, राग मानू नका. त्यात तुमची तयारी आहे, संस्थेची मागणी आहे, स्थळं आहेत, लोक आहेत. मुलीचं म्हणणं मात्र एका वाक्यात आटोपलं आहे, आणि तिला हे असं का वाटतं, हे कुठेच नाही. सहा वर्षं 8,500 रुपयांत रोज शाळेत जाणारी मुलगी आळशी नसते, लहरीही नसते. ती कशाला कंटाळली आहे? शिकवण्याला, की वाट बघण्याला? या दोन गोष्टींची उत्तरं वेगळी आहेत. वर्ग अजून आवडत असेल तर पुढची अभियोग्यता चाचणी द्यावी. टीईटी आता आयुष्यभर चालते, ती वाया जात नाही. वर्गातूनच मन उठलं असेल, तर 18 लाख देऊन तुम्ही तिला तिथेच अडकवून ठेवणार आहात.

आणि स्थळांचं म्हणाल, तर ‘शिक्षिका’ या शब्दावर येणारी माणसं पगार विचारतातच. 8,500 ऐकल्यावर त्यांचे चेहरे कसे होतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तिनेही पाहिलं आहे.

‘पैसे घेऊन नाव वर चढवायचं’ हा समज फक्त तुमचा नाही, शहरातले शिकलेले लोकही हेच धरून चालतात. गुगलवर काही शोधलं की वरच्या काही निकालांवर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. त्या जाहिराती, त्यांचे पैसे कंपनी गुगलला देते. त्याखालचे नेहमीचे निकाल पैसे देऊन वर जात नाहीत, गुगल त्यासाठी पैसे घेतच नाही. एसईओ, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, हे या दुसऱ्या भागाचं काम. गुगलचा प्रोग्रॅम वेबसाइटची पानं वाचत फिरतो, त्यांची नोंद ठेवतो, आणि कुणी काही विचारलं की त्यातलं उपयोगी पान आधी दाखवायचा प्रयत्न करतो. पान त्याला वाचता यावं आणि विचारणाऱ्याच्या खरंच उपयोगी पडावं, हे बघणाऱ्याला एसईओवाला म्हणतात. तेच तेच शब्द पानात कोंबून वर जायचे दिवस कधीच गेले. पानाच्या मागे लपवून कीवर्ड लिहायचा एक टॅग असायचा, तो आम्ही क्रमवारीसाठी बघत नाही, असं गुगलने 2009 मध्येच जाहीर केलं आहे. लबाडी करणारे या धंद्यातही आहेत. ते कुठल्या धंद्यात नसतात?

शिक्षिकेचा इथे काय उपयोग, ते तुमच्याच भागातल्या पिकावर सांगते. बार्शीकडे सीताफळ भरपूर. फळावर पांढरा कापसासारखा थर दिसला की शेतकरी मोबाइलवर काय विचारतो? ‘सीताफळावर पांढरी कीड औषध’. कुणी टाइप करतो, कुणी नुसतं बोलतो. माहिती देणाऱ्या पानाचं शीर्षक मात्र असतं ‘पिठ्या ढेकणाचे एकात्मिक व्यवस्थापन’. माहिती खरी असते, लिहिणारा जाणकार असतो, पण विचारणारा आणि सांगणारा एकमेकांना भेटत नाहीत. त्या पानाच्या शीर्षकात आणि पहिल्या दोन ओळींत ‘पांढरी कीड’ आणायची, कीड ओळखू येईल असा फोटो घालायचा, तिला पिठ्या ढेकूण म्हणतात हे सांगायचं, आणि मग उपायाकडे जायचं.

तुमची मुलगी सहा वर्षं रोज हेच करते आहे. पुस्तकात ‘व्यस्त चलन’ असतं, आणि मुलगा विचारतो, ‘मॅडम, माणसं वाढली की दिवस कमी का होतात?’ तिला दोन्ही भाषा येतात. पोरगं म्हणतं अपूर्णांक जमत नाहीत, आणि ती दोन उदाहरणं सोडवून घेते तेव्हा तिला दिसतं की पाढेच कच्चे आहेत. बीएडला याला निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन म्हणतात. वेबसाइट का दिसत नाही हे तपासणं अगदी याच जातीचं काम आहे. मालक सांगतो लेख कमी आहेत. तपासल्यावर कळतं की लेख पुष्कळ आहेत, पण निम्मी पानं गुगलच्या नोंदीतच नाहीत. पाठ टाचण काढताना आधी पूर्वज्ञान, मग नवा घटक, शेवटी मागच्या-पुढच्या घटकाशी जोडणी, हा क्रम तिच्या हातात बसला आहे. पानांची मांडणी आणि त्यांच्यातल्या लिंक जोडताना तोच लागतो. आणि पालकसभेत नापास मुलाच्या वडिलांना समजावलेली बाई क्लायंटला ‘तीन महिन्यांत पहिला नंबर मिळणार नाही’ हे नीट सांगू शकते. इंजिनीअर झालेल्या कित्येकांना ते जमत नाही.

आता हे तिला वाचायला द्या, कारण पुढचं तिच्यासाठी आहे.

बाळ, शिक्षकाच्या काही सवयी या कामात आड येतात. वर्गातली मुलं तास संपेपर्यंत उठून जाऊ शकत नाहीत, वाचणारा काही सेकंदांत जातो. त्यामुळे आधी व्याख्या, मग प्रकार, मग उदाहरण हा क्रम इथे मोडावा लागेल. उत्तर पहिल्या परिच्छेदात हवं. दुसरं, तुला बरोबर वाटलेलं पान आकडे चूक ठरवतील, आणि तेव्हा पान बदलावं लागेल. तिसरं, एक्सेल नीट यायला हवं. पानाचा पत्ता बदलला तर जुना नव्याकडे कसा वळवायचा, साइटमॅप काय असतो, हेडिंगचे टॅग कसे लावतात, हेही शिकावं लागेल. इंजिनीअरिंग लागत नाही, चिकाटी लागते.

एक धोकाही सांगते. ऑगस्ट 2024 पासून गुगल भारतातही बऱ्याच प्रश्नांना वरच एआयचं तयार उत्तर दाखवतं. माणूस तिथेच वाचून निघून जातो. कुठूनतरी जमवलेले पाचशे शब्दांचे लेख पाडण्याचं काम आटत चाललं आहे, त्याच्या भरवशावर नोकरी सोडू नकोस. शोधाच्या निकालांची गुणवत्ता तपासणाऱ्या माणसांसाठीच्या सूचनांमध्ये गुगलने डिसेंबर 2022 मध्ये ‘अनुभव’ हा निकष वाढवला. लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का, हा त्याचा अर्थ. सातवीची मुलं गणितात नेमकी कुठे अडतात, हे तू पाहिलं आहेस. शैक्षणिक कंपन्या, पाठ्यसाहित्याच्या साइट, मराठीतली शेतीची पानं, इथून सुरुवात कर.

65 हजार भरू नकोस. नोकरीची हमी देणाऱ्या इन्स्टिट्यूटला एकच प्रश्न विचार : गेल्या वर्षीच्या पाच विद्यार्थ्यांशी बोलायला द्याल का? गुगलचं प्राथमिक मार्गदर्शन फुकट आहे, लोक काय शोधून साइटवर येतात हे दाखवणारं त्यांचं सर्च कन्सोलही फुकट आहे. तालुक्यातल्या एखाद्या सीताफळ रोपवाटिकेची साइट घे, मालकाची परवानगी काढ आणि सहा महिने सांभाळ. लोक काय लिहून त्या पानावर आले, कुठलं शीर्षक बदललं, त्यानंतर किती जण वाढले, हे वहीत तारखेने लिहीत जा. मुलाखतीत ती वही कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल. तोवर शाळा सोडू नकोस. पहिली नोकरी बहुधा पुण्याची असेल आणि पगार खर्चापुरताच असेल, ती तयारी ठेव.

वडिलांसाठी पुन्हा दोन ओळी. तिला आत्ता खरी गरज आहे ती एका साध्या लॅपटॉपची. मोबाइलवर हे काम शिकता येत नाही. 18 लाख काढायची तयारी असलेल्या बापाला ते जड नाही. जमिनीचा इसार अजून घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल, किंवा संस्थेला काही रक्कम आधीच पोचली असेल, तर वाट न बघता मला लगेच कळवा. पुढे काय करायचं ते वकिलाला विचारून ठरवावं लागेल.