फादियूतला जाताय? मग निवांत जा

पहिल्यांदाच सेनेगलला निघालात म्हणून सांगतो. किनाऱ्यावरच्या झोआल गावाहून लाकडी पूल ओलांडलात की फादियूत बेट. गाड्या नाहीतच, पायाखाली शिंपल्यांची करकर तेवढी, कारण अख्खं बेटच शिंपल्यांचं! जाड तळाच्या चपला घाला. झाडलेल्या गल्ल्या बघून हात लगेच मोबाइलकडे जातो, पण दारात बसलेल्या आजींशी आधी दोन शब्द बोला, मग फोटोचं विचारा. पाण्यात खांबांवर उभ्या कणग्या जरूर बघा, आगीपासून आणि उंदरांपासून धान्य वाचवायची केवढी शहाणी सोय! दुसऱ्या पुलापलीकडे दफनभूमी आहे, ख्रिस्ती आणि मुस्लिम शेजारी-शेजारी. मी तिथे तासभर नुसता बसून होतो. तेवढा वेळ हाताशी ठेवाच.