लग्नाआधीच हेल्थ इन्शुरन्स काढू का?

प्रश्न: वय 28, चार महिन्यांनी लग्न आहे. ऑफिसचा इन्शुरन्स आहे, स्वतःचा नाही. होणारा नवरा म्हणतो लग्नानंतर दोघांचा एकत्रच काढू, आधी कशाला हप्ता भरायचा. मला थायरॉइडची गोळी चालू आहे, ते सांगायलाच हवं का?

उत्तर: थांबू नका, आत्ताच काढा. सगळा खेळ वेटिंग पिरियडचा आहे, म्हणजे पॉलिसी घेतली की दुसऱ्या दिवशी सगळं कव्हर असं सहसा नसतं, आधीपासूनच्या आजाराला आणि बाळंतपणाला ठराविक काळ थांबावं लागतं, बाळंतपणाला कुठे 9 महिने तर कुठे 2-3 वर्षंसुद्धा, आणि ते मोजतात पॉलिसी सुरू झाल्यापासून, लग्नाच्या तारखेपासून नाही. दिवस गेल्यावर शोधाशोध केलीत तर तो खर्च बहुतेक स्वतःच्याच खिशातून. (काही पॉलिसीत बाळंतपण नसतंच, तेवढं आधी बघा.)

थायरॉइड अजिबात लपवू नका. प्रीमियम वाढेल, कदाचित नाहीही वाढणार. पण फॉर्मवर 'नाही'वर टिक केलंत आणि उद्या ॲडमिट झाल्यावर केसपेपरवर '3 वर्षांपासून गोळी चालू' एवढी एक ओळ निघाली की क्लेम अडकला समजा. एजंट म्हणेल राहू द्या हो, पण सही तुमची असते ना.

नवऱ्याला नंतर त्याच पॉलिसीत ॲड करता येतं का हे घेतानाच विचारा, त्याचा वेटिंग पिरियड मात्र बहुतेक तो आत आल्यापासून धरतील. आणि ऑफिसचा इन्शुरन्स म्हणाल तर नोकरी सोडली की साधारण तोही गेला.