समलैंगिकता गुन्हा नाही, म्हणजे भेदभावापासून कायद्याचं संरक्षण मिळालंच का?

नाही. शिक्षा रद्द होणं वेगळं आणि नोकरीवरून काढलं तर दाद मागता येणं वेगळं. अमेरिकेत 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे रद्द केले. पण लैंगिक कलामुळे (म्हणजे कुणाबद्दल आकर्षण वाटतं त्यामुळे) किंवा ट्रान्सजेंडर असल्यामुळे कामावरून काढणं संपूर्ण देशात बेकायदा आहे, हे त्याच न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. मधली सतरा वर्षं अनेक राज्यांत लोकांना हा आधारच नव्हता, आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं.

दक्षिण आफ्रिकेने 1996 च्या राज्यघटनेतच, भेदभावाला बंदी घालताना, लैंगिक कलाचा स्पष्ट उल्लेख केला. असं करणारा तो पहिला देश.

त्यामुळे कुठलाही कायदा वाचताना आधी तो कुठे लागू होतो ते बघा. युरोपीय संघाचा 2000 सालचा निर्देश (सदस्य देशांनी आपल्या कायद्यात आणायचा नियम) लैंगिक कलाला संरक्षण देतो, पण फक्त नोकरी-व्यवसायापुरतं. घर भाड्याने नाकारलं तर तो कामाला येत नाही. लिंगओळखीचा (म्हणजे माणूस स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो याचा) उल्लेखही त्यात नाही. मात्र एक गोष्ट त्यात मोलाची आहे: भेदभाव झाल्याचं सकृद्दर्शनी दिसलं, की तसं झालं नाही हे नोकरी देणाऱ्या मालकाला सिद्ध करावं लागतं.