जमीन अय्यांची, हॉटेल तुमचं, आणि धाकटा अजून कोणाचाच नाही

स. न. वि. वि.

ताई, तुमचं सहा पानी पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी आधी त्याचा गोषवारा देतो. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

तुम्ही आणि तुमचे यजमान, दोघं भारतीय नागरिक. 2018 साली पुण्यातला फ्लॅट विकून श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेलिगामाच्या जवळ, आठ खोल्यांचं सर्फ हॉटेल उभं केलंत. परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही, म्हणून ती ओळखीच्या एका गृहस्थांच्या नावावर घेतलीत. त्यांना तुम्ही 'अय्या' म्हणायचात, म्हणजे थोरला भाऊ. 2019 च्या गणपतीला ते तुमच्या गावी आले, तेव्हा शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंत की पैसे यांचे, जमीनही यांचीच, माझं फक्त नाव. त्यावर गावातल्या नोटरीचा शिक्काही घेतलात. दोन महिन्यांपूर्वी अय्या अचानक गेले. मागे पत्नी, कमावता मुलगा आणि पंधरा वर्षांची मुलगी. मुलगा म्हणतो, कोलंबोचं गिऱ्हाईक आलंय, नोव्हेंबरात सीझन सुरू व्हायच्या आत जागा रिकामी करा. तुमची थोरली सावंतवाडीत जन्मलेली, धाकटा जून 2022 मध्ये गॉलच्या इस्पितळात. तुम्ही विचारता, स्टॅम्पपेपर कोर्टात टिकेल का? आणि टिकत नसेल तर तिथेच जन्मलेल्या धाकट्याला तिथला नागरिक करून जमीन त्याच्या नावावर करता येईल का?

शिवाय एक ता. क. आहे. त्याकडे शेवटी येतो.

तुम्ही जमिनीपासून सुरुवात केलीत, मी मुलापासून करतो. श्रीलंकेत जन्मलं म्हणून कोणी श्रीलंकेचा नागरिक होत नाही. तिथला 1948 चा नागरिकत्व कायदा आई किंवा वडील श्रीलंकेचे आहेत का, एवढंच बघतो. तुम्ही दोघंही नाही, तेव्हा धाकट्याचा तो दरवाजा बंद आहे. उद्या दुसऱ्या कुठल्या वाटेने त्याला परकं नागरिकत्व घेता आलंच, तरी केवळ एका प्लॉटसाठी ते घ्या असं मी म्हणणार नाही. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही.

पण खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती पत्रात एका ओळीत उरकलेली आहे: 'पेट्रोलच्या रांगांच्या दिवसांत कोलंबोला जाणं झालं नाही, मग राहूनच गेलं.' म्हणजे धाकट्याच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत झालेलीच नाही. 2022 च्या त्या उन्हाळ्यात तिथे काय हाल होते ते आम्हीही बातम्यांत पाहत होतो, तेव्हा दोष देत नाही. कायदा मात्र रांगा मोजत नाही. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 4 प्रमाणे, 3 डिसेंबर 2004 पासून परदेशात जन्मलेलं मूल, आईबाप दोघं भारतीय असले तरी, आपोआप भारतीय होत नाही. जन्मापासून एक वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करावी लागते. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारच्या परवानगीने. नोंद होईपर्यंत तो भारतीय नाही, आणि श्रीलंकेचा तर नाहीच. तुमच्या सर्फबोर्डांना मेण लावत फिरणारं ते पोर आज कागदावर कुठल्याच देशाचं नाही.

घाबरू नका, हे सुटणारं आहे. पण लांबवू नका. तुम्हाला कोलंबो गाठायचीही गरज नाही. दक्षिण प्रांतासाठी हंबनटोट्याला आपलं वाणिज्य दूतावास आहे, वेलिगामाहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल. सोबत तिथला जन्मदाखला (सिंहलीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह), दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं दोघांच्या सहीचं निवेदन, आणि उशीर का झाला याचं प्रतिज्ञापत्र न्या. प्रतिज्ञापत्रात गोष्ट रंगवू नका. इंधनाचा तुटवडा, धंदा बंद, नंतर दुर्लक्ष झालं, हे खरं तेच लिहा. परवानगी दिल्लीहून यायची असल्याने महिने जातील, म्हणून आजच सुरुवात. जागा सोडायची वेळ आलीच आणि मुलाकडे पासपोर्ट नसला, तर तुम्ही चौघं एका विमानात बसू शकणार नाही. हॉटेल गेलं तर दुसरं काढता येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता जमीन.

असले व्यवहार वकील म्हणून मी तीस वर्षं बघतोय, फक्त समुद्राच्या या बाजूला. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. म्हणून मुंबईकर येतो, गावातल्या शेतकऱ्याच्या नावावर बाग घेतो आणि शंभराच्या कागदावर 'खरा मालक मी' असं लिहून घेतो. सातबाऱ्यावर नाव एकाचं, आंब्याच्या कलमांना पाणी दुसऱ्याचं. दोघं जिवंत आणि गोडीत असेपर्यंत सगळं छान चालतं. एकाचे बारावे झाले की वारस तलाठ्याकडे जातात आणि मुंबईकर माझ्याकडे येतो. तुमची गोष्ट तीच आहे, फक्त कलमांच्या जागी माड आहेत.

श्रीलंकेचा 2014 चा 38 क्रमांकाचा कायदा परदेशी माणसाला, परदेशी कंपनीला आणि निम्मे किंवा त्याहून जास्त परदेशी भागधारक असलेल्या तिथल्या कंपनीलाही जमिनीची मालकी देण्यास मनाई करतो. म्हणजे 'कंपनी काढून घेऊ' ही तुमच्या मित्राची युक्तीही तिथेच अडते. दुसरं म्हणजे तिथे 1840 पासून एक अध्यादेश लागू आहे. जमिनीतला कुठलाही हक्क, अगदी महिन्याहून जास्त मुदतीचा भाडेपट्टासुद्धा, नोटरी आणि दोन साक्षीदारांसमोर झाल्याशिवाय वैध होत नाही. आणि तिथला नोटरी म्हणजे आपल्या तहसील कचेरीबाहेर शिक्का घेऊन बसलेला नोटरी नव्हे. तो तिथला वकील असतो, दस्त स्वतः तयार करतो आणि त्याची नोंदणी होते. तेव्हा गावच्या नोटरीने शिक्का मारलेला तुमचा कागद वेलिगामाच्या जमिनीसाठी फार तर त्या गणपतीची आठवण आहे.

तिथला एखादा वकील तुम्हाला 1917 च्या ट्रस्ट अध्यादेशाचं कलम 84 दाखवेल. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असेल, तर नाववाला पैसेवाल्याच्या वतीने जमीन धरून आहे असं ते मानतं. मुद्दा चांगला आहे, पण त्याला दोन काटे आहेत. पहिला काटा असा की हा दावा लावताना तुम्हालाच कोर्टात सांगावं लागेल, 'कायदा आम्हाला जमीन घेऊ देत नव्हता, म्हणून आम्ही दुसऱ्याच्या नावावर घेतली.' अशा माणसाला न्यायाधीश जमीन मिळवून देईल, या आशेवर मी तुमचे पैसे खर्चू देणार नाही. दुसरा काटा तुमच्या पुण्याच्या बँकेत आहे. 2018 साली पैसे पाठवताना फॉर्म ए-2 वर हेतू काय लिहिला होता? तो फॉर्म बँकेकडून मागवा. तिथे 'भेट' असं लिहिलेलं असेल (आणि बँकेतला माणूस सोपं म्हणून तेच लिहायला सांगतो), तर तुमच्याच सहीने तुम्ही सांगितलं आहे की हे पैसे अय्यांना दिले.

यजमानांनी दहा वर्षांच्या ताब्याबद्दलही विचारलंय. तिथला मुदतीचा कायदा दहा वर्षं अखंड, मालकाविरुद्ध ताबा असेल तर हक्क देतो, हे खरं. पण तुम्ही अय्यांच्या परवानगीने राहत होतात, त्यांच्या घरी जेवत होतात. तो विरोधी ताबा नव्हे. त्या वाटेला जाऊ नका.

मग हातात काय उरतं? भाडेपट्टा. 2014 चा तोच कायदा परदेशी माणसाला मालकी नाकारतो, पण 99 वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा घेऊ देतो. खरं तर हा कागद 2018 सालीच व्हायला हवा होता. आठ खोल्यांचं सर्फ हॉटेल चालवायला मालकी कशाला लागते? पंचवीस-तीस वर्षांचा नोंदलेला पट्टा पुरे, तोवर धाकटा तुमच्या आजच्या वयाचा होईल.

पट्टा कोणाकडून घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. अय्या मृत्युपत्र न करता गेले असतील आणि त्या घराला तिथला सर्वसाधारण वारसा कायदा लागू असेल, तर निम्मा हिस्सा पत्नीचा आणि उरलेला निम्मा दोन मुलांचा समसमान. (कँडियन सिंहलींचा वारसा वेगळा असतो. घर मूळचं किनाऱ्याकडचं की डोंगराकडचं, हे आधी विचारून घ्या.) म्हणजे जो मुलगा तुम्हाला नोव्हेंबरची तारीख देतोय, त्याच्याकडे चार आणेच आहेत. पंधरा वर्षांच्या मुलीचेही चार आणे आहेत, आणि ते विकायला किंवा लांब मुदतीच्या पट्ट्याने द्यायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागेल. कोलंबोच्या गिऱ्हाइकालाही हेच लागू आहे. त्याच्या वकिलाला हे आधीच माहीत असणार, म्हणूनच तो जागा 'रिकामी' मागतोय. तेव्हा नोव्हेंबरची तारीख ऐकून सामान बांधायला घेऊ नका.

मातऱ्याच्या (वेलिगामाचा जिल्हा) जमीन नोंदणी कार्यालयात त्या जमिनीचं पान आधी तपासून घ्या. तिथे नोंदलेल्या दस्ताला न नोंदलेल्यावर अग्रक्रम मिळतो, म्हणून कोणी तुमच्या आधी काही नोंदवून ठेवलं आहे का ते कळायला हवं. गहाणही बघा. ज्याच्या नावावर जमीन असते त्याच्याच नावावर कर्जही निघतं, आणि भल्या माणसाला ते सांगायला संकोच वाटतो.

पट्ट्याची बोलणी करताना तुमच्या हातात पत्त्यांतलं एक चांगलं पान आहे, ते खाली टाकू नका. श्रीलंकेच्या दिवाणी कायद्यात रोमन-डच परंपरा अजून जिवंत आहे. त्या परंपरेत प्रामाणिकपणे दुसऱ्याच्या जमिनीवर उपयुक्त बांधकाम करणाऱ्याला त्याचा मोबदला मागता येतो, आणि काही परिस्थितीत मोबदला मिळेपर्यंत ताबाही धरून ठेवता येतो. तुमचा 'प्रामाणिकपणा' किती टिकेल यावर समोरचा वकील बोट ठेवेलच. तरी विहीर, आठ खोल्या, बोर्डांची शेड यांची बिलं, फोटो, मिस्त्रीच्या पावत्या एका फायलीत लावा. या फायलीने जमीन मिळणार नाही, पण समोरच्याला हिशेब करायला लावता येईल. समुद्राकडच्या दोन खोल्या नंतर बांधल्यात असं लिहिलंय. भरतीरेषेपासून 300 मीटरच्या आतल्या बांधकामाला किनारा संवर्धन खात्याची परवानगी लागते. ती नसेल तर बोलण्यांत त्या खोल्यांची जाहिरात करू नका.

आणि एक गोष्ट पक्की ठरवा. वहिनींना, म्हणजे अय्यांच्या पत्नीला, भाडं द्यायला लागलात की तुम्ही त्यांना मालक मानलंत. त्यानंतर 'जमीन आमचीच' असा दावा उभा राहणार नाही. दोन होड्यांवर पाय ठेवून हा समुद्र पार होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मालकीचा हट्ट सोडा, भाडं द्या, ते बँकेतून द्या, पावती घ्या. चोख भाडं देणारी ओळखीची माणसं एका विधवा बाईला कोलंबोच्या एकरकमी चेकपेक्षा बरी वाटू शकतात. अय्यांचं तीन महिन्यांचं दान, म्हणजे त्यांच्या नावाने भिक्खूंना जेवण, पुढच्या महिन्यात असेल. त्याला चौघंही जा, भिक्खूंच्या जेवणाला हातभार लावा, आणि त्या दिवशी कागदाचा विषय काढू नका. तो त्यानंतरच्या आठवड्यात, त्यांचाही वकील समोर असताना. दोन्ही बाजूंना एकच वकील नको, मग तो कितीही सज्जन असो. मी सिंधुदुर्गात वकिली करतो, मातऱ्यात नाही. तिथले दस्त तिथल्याच वकील-नोटरीकडून करून घ्या.

आता ते ता. क. वकिलाला ताजा कलम आधी वाचायची सवय असते, कारण लोक खरी गोष्ट तिथे लिहितात. तुम्ही लिहिलंय: 'भारतातले पाहुणे हल्ली गूगल पे करतात. काउंटरवर भावाचा क्यूआर लावलाय, तो मालवणात पैसे घेतो आणि आईच्या औषधांना, थोरलीच्या विम्याला वापरतो. यात काही अडचण नाही ना?'

अडचण आहे, ताई. आणि ती तुमच्यापेक्षा भावाची जास्त आहे. धंद्यासाठी परदेशी गेलेल्या तुम्ही परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या, नजरेत अनिवासी आहात. भारतात राहणाऱ्या माणसाने अनिवासी माणसाच्या वतीने इथे रुपये घ्यायचे आणि त्याच्या जोडीने बाहेरून बँकेमार्फत काहीच यायचं नाही, हेच कलम 3 ला चालत नाही. हवालाही याच रचनेचा असतो. तुमचा हेतू स्वच्छ आहे, पण कलम हेतू विचारत नाही. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. शिवाय हॉटेल श्रीलंकेत असलं तरी पैसा पहिल्यांदा भारतात हाती पडला की तो अनिवासी माणसाचा असला तरी इथे करपात्र ठरतो. आणि भावाच्या खात्यात तो दिसतोय, म्हणजे आयकर खातं आधी भावालाच विचारणार.

किती महिने, किती रक्कम, याचा तक्ता भावाकडून या आठवड्यात करून घ्या आणि परकीय चलनाची कामं करणाऱ्या सीएकडे द्या. स्वतःहून रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगचा अर्ज केला तर ठराविक रक्कम भरून प्रकरण मिटवायची सोय आहे. नोटीस आल्यावर तीच वाट महाग पडते. त्याच फेरीत तुमची दोघांची भारतातली जुनी बचत खाती एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्या, ती सात वर्षं तशीच राहिली आहेत.

पाहुण्यांनी यूपीआयने पैसे देण्यात मुळात काही गैर नाही. फेब्रुवारी 2024 पासून ते श्रीलंकेत चालतं, पण तिथल्या व्यापाऱ्याच्या क्यूआरवर, आणि पैसे तिथल्या खात्यात श्रीलंकन रुपयांत जमा होतात. तुमच्या बँकेकडे तो कोड मागा. आणि मालवणचा जो काउंटरवर चिकटवलाय, तो हे पत्र खाली ठेवायच्या आत काढून टाका.